टिटवीची आत्या

मालनबाई फक्की मारायला वाकल्या की मैदानावरची पोरं आपोआप बाजूला होतात. फक्की म्हणजे मैदान आखायची ती चुन्याची पांढरी भुकटी. बाकीचे लोक खुंट्या ठोकतात, दोरी बांधतात. मालनबाई डब्याला भोक पाडतात, पदर खोचतात आणि समोरच्या निलगिरीवर नजर लावून निघतात. कुणी विचारलं, "बाई, दोरी?" की म्हणणार, "दोरी कशाला? मी काय तिरळी हाय?"

आता त्यांची रेघ अगदी सुतासारखी सरळ येते असं काही नाही. शेवटी शेवटी ती जरा निलगिरीच्या मुळांकडं झुकतेच. पण झुकते हे त्यांना सांगायची कुणाची छाती नाही. दीपक सरांनी, म्हणजे विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनी, एकदा सांगितलं. बाई म्हणाल्या, "सर, तुमी तिथून बघताय म्हणून. इथून बघा." सर इथून बघायला गेले आणि नवे कोरे बूट ओल्या फक्कीत बुडवून आले.

हे दारणा विद्यापीठ देवळाली कॅम्पच्या पलीकडं, भगूरच्या वाटेला. माझी नात वेदिका तिथं शिकते. सकाळी मी तिच्याबरोबरच निघतो. ती वर्गात जाते, मी मैदानाच्या कडेच्या बाकावर. वेदिका म्हणते, आजोबा गोष्ट वाढवून सांगतात. बरं, वाढवतो. पण खिचडीत पाणी जास्त झालं म्हणून तांदूळ खोटा होत नाही.

मालनबाईंचा नवरा यादव याच मैदानावर माळी होता. तो गेला आणि त्याच्या जागी बाई लागल्या. मुलगी पायल सटाण्याला दिलेली, सुखात आहे. तसं बाईंना काही कमी नाही. एक हौस तेवढी राहिलेली: आत्या व्हायची.

हसू नका. त्या चौघी बहिणी, पाठीवर भाऊ नाही. भाऊबीजेला चौघी अंगणात उभ्या राहून चंद्राला ओवाळायच्या, जशी भाऊ नसलेल्या बहिणींची रीत आहे. बाई मला म्हणाल्या, "तात्या, चंद्र भाऊ म्हणून लय चांगला. भांडत नाय, दारू पीत नाय. पण चंद्राला पोरं कुठं होत्यात? मंग मी आत्या व्हायची कुणाची?"

आणि आत्या नाही म्हणजे पाळण्यात वाकून नाव ठेवायचा मान नाही. आपल्याकडं तो मान बापाच्या बहिणीचा. पायलच्या पोराच्या बारशाला बाई सटाण्याला गेल्या, तर आजीच्या वाट्याला घुगऱ्या वाटायचं काम. नाव ठेवलं जावयाच्या बहिणीनं. "ती बी मोबाईलवर बोलत बोलत वाकली, तात्या! माझा जीव असा वर आला. म्हणलं, अगं बाई, बाजूला सर, मी ठेवते!"

"आणि ठेवायला मिळालं असतं तर नाव काय ठेवलं असतं?" मी विचारलं.

"नाव तयार हाय माझ्याकडं. कवाचं."

"कोणतं?"

बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी त्यांच्या ट्रंकेची किल्ली मागितली. "आत्या नाव आधी सांगती व्हय? आत्याच्या पोटातलं नाव थेट बाळाच्या कानात उतरलं पाह्यजे. मधी कुणाच्या कानावर पडलं की उष्टं झालं."

हे सगळं ध्यानात ठेवा, आणि आता टिटवीकडं चला.

गेल्या उन्हाळ्यात एका टिटवीनं धावपट्टीच्या चौथ्या लेनमध्ये अंडी घातली. घरटं वगैरे काही नाही. टिटवी तसली बाई नव्हेच. चार खडे इकडं, चार खडे तिकडं, मध्ये ठिपक्याठिपक्यांची अंडी, झाला संसार. पलीकडं तोफखान्याचा सराव चालतो, कधी कधी आमच्या खिडकीची तावदानं थरथरतात. टिटवी जागची हलायची नाही. पण दीपक सरांनी शिट्टी फुंकली की चवताळून उठायची. तोफ चालेल, शिट्टी नाही.

सर म्हणाले, "बाई, अंडी उचलून जरा कडेला ठेवा. पोरांच्या चाचण्या आहेत."

"सर, घरात बाळंतीण निजलीय आणि कुणी म्हणलं खाट उचलून रस्त्यात ठिवा, तर ठिवाल?"

"अहो, पण लेन?"

"लेनचं मी बघते."

बाईंनी काय बघावं? फक्कीचा डबा घेतला आणि चौथ्या लेनच्या रेघेला अंड्यांभोवती गोल वळसा दिला. रेघेला पोट आलं! राकेश नावाचा आठशे मीटर पळणारा पोरगा त्या लेनमध्ये असायचा. तो बिचारा महिनाभर त्या पोटाला वळसा घालून पळाला आणि तरी पहिला आला. म्हणाला, "काका, टिटवी मागं लागायच्या भीतीनं वेग वाढला."

शेवटी सर स्वतःच अंडी उचलायला गेले. टिटवी केवढीशी, कोंबडीच्या पिल्लाला लांब पाय लावले तर होईल तेवढी. पण तिनं वरून असा सूर मारला की सरांची टोपी गेली, मग चष्मा गेला, मग सर गेले. थेट कार्यालयात. एका पोरानं ते फोनवर टिपलं. साऱ्या नाशकानं पाहिलं. त्यात मागून जे खदाखदा हसणं ऐकू येतं, ते मालनबाईंचं. पुढं पिल्लं निघाली आणि आईच्या मागं तुरुतुरु दारणा नदीकडं चालती झाली. पण टिटवीचं नाव झालं ते झालं.

त्या वर्षी मुलींच्या आंतरविद्यापीठ कबड्डी स्पर्धा पहिल्यांदा आमच्याकडं व्हायच्या होत्या. त्यासाठी मॅस्कॉट हवा असं निघालं. मॅस्कॉट म्हणजे काय हे मला वेदिकेनं समजावलं. संघाचं सोंग. प्राण्याचा वेश, आत माणूस; त्यानं कडेला नाचायचं, आपल्या पोरींना चढवायचं, समोरच्यांना चिडवायचं. म्हटलं, हे तर आमच्या गावात जत्रेला होतंच, फक्त त्याला विद्यापीठ नव्हतं.

बैठक झाली. कुणी म्हणालं, सिंह. हर्षाली म्हणून कबड्डीची कॅप्टन आहे, ती म्हणाली, "सिंह सगळ्यांचाच असतो. आणि नाशकात दगडाचे सोडून सिंह कुणी पाहिलेत?" कुणी म्हणालं, बिबट्या. ती म्हणाली, "तो न बोलावता येतोच की! टिटवी करा. एवढीशी असून सरांना पळवलं तिनं."

सर खाली बघायला लागले. कुणीतरी कुजबुजलं, टिटवीचं ओरडणं अपशकुनी असतं. मालनबाई मैदान कधी आखायचं ते विचारायला दारात उभ्या होत्या. त्यांना राहवतंय कुठलं? "अपशकून कसला? कुणी चोर आलं की ती वरडती. राखणदार हाय ती. तुमचा वाचमन तर वरडत बी नाय!"

कुलगुरू बाई मोठ्यानं हसल्या. म्हणाल्या, "टिटवीदेखील समुद्र आटवते, असं आपल्याकडं म्हणतात. मग सुरत-मुंबईचे संघ काय मोठे!" आणि टिटवी ठरली.

वेश शिवायला दिला सहादू टेलरकडं. सहादू मूळचा सटाण्याकडचा, कॅम्पच्या बाजारात त्याचं दुकान. हयात जवानांचे गणवेश शिवण्यात गेलेली. टिटवीचे पंख खाकी-तपकिरी, तर तो म्हणाला, कापडाची चिंताच नाही. पोट पांढरं, गळा काळा, चोच आणि डोळ्यापुढची झालर लालभडक, पाय रेनकोटच्या पिवळ्या कापडाचे. पक्षी झकास झाला. फक्त हाताला सवय ती सवय. टिटवीच्या खांद्यावर बटणाच्या पट्ट्या आल्या, आणि पंखांना झाकणाचे खिसे.

"सहादू, पक्ष्याला खिसे?" मी म्हटलं.

तो खिशाकडं बघतच राहिला. "हाई कधी बसनं?" म्हणजे हे कधी बसलं, त्यालाही कळलं नव्हतं. पण राकेश, जो आत शिरणार होता, तो खूश. एका खिशात फोन, एका खिशात शेंगदाणे.

मग नाव. पोरांनी फोनवर मतं घेतली आणि 'थंडर' निवडून आलं. टी-शर्ट छापले, फलक छापला. नाव जाहीर कसं करायचं? पाहुण्यांनी बटण दाबायचं आणि पडदा सरकायचा, असं चाललं होतं. हर्षाली म्हणाली, "ह्यॅ! बटण तर मिक्सरचंही दाबतात. आपण बारसं घालू."

झालं! बारसं म्हटल्यावर वेदिका घरी येऊन मला विचारते, "आजोबा, आत्या कुणाला करायचं?" माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मी मालनबाईंची सगळी हौस सांगून टाकली. दुसऱ्या दिवशी पोरींचा घोळका मैदानावर.

"मालनबाई, तुम्ही आत्या व्हायचं."

बाईंच्या हातातला डबा खाली आला. क्षणभर वाटलं आता रडतात. पण तोंडानं काय? "थट्टा करता व्हय गं म्हातारीची? आत्या व्हायला भाऊ लागतो. त्या टिटवीचा बाप कोण?"

हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. सहादू बाजूला राकेशच्या पिवळ्या पायाला टाके घालत होता. तोंडात सुई धरून तो म्हणाला, "बाप कोण म्हणजे? शिवला कुणी? मी." मग सुई काढली, मालनबाईंकडं हात केला आणि पोरींना म्हणाला, "हाई मनी बहीन शे." ही माझी बहीण आहे.

बाई म्हणाल्या, "असं कसं? ना ओळख ना पाळख!"

"ओळख कशी नाही? मागच्या दिवाळीला तुझा ब्लाउज मी घट्ट शिवला म्हणून दुकानात येऊन भांडली होतीस. बहिणीशिवाय कोण इतकं भांडतं?"

बाई हसल्या आणि पदर डोळ्याला लावला, दोन्ही एकदम. मग लगेच कामाला लागल्या. आत्यानं रिकाम्या हातानं जायचं नसतं. बाळाला कुंची हवी. टिटवीच्या डोक्याचं माप घ्यायला त्या सहादूच्या दुकानात गेल्या, आणि पुढचे काही दिवस मैदानाच्या कडेला बसून हिरव्या खणाची कुंची शिवत होत्या. एवढी मोठी कुंची, की मला वाटलं स्कूटरचं कव्हर आहे.

आता घोळ कसा झाला ते ऐका, कारण असला घोळ फक्त आपल्याच लोकांना जमतो. 'थंडर' हे नाव फोनाफोनांवर होतं. त्यामुळं प्रत्येकाला वाटलं, बाईंना कुणीतरी सांगितलंच असेल. बाईंचा फोन बटणांचा. आणि बाईंनी नाव काय म्हणून विचारायचं कारणच नव्हतं. आत्या त्या होत्या. आत्याला नाव विचारतात का आत्या नाव विचारते?

बारशाचा दिवस उजाडला. थंडीतली छान उबदार दुपार. व्हॉलीबॉलच्या दोन खांबांना दोर बांधून प्रथमोपचाराचं स्ट्रेचर टांगलं होतं, तोच पाळणा. झेंडूच्या माळा. मैदानभर पोरं, पाहुणे संघ, कॅम्पातली माणसं, मोठ्या पातेल्यात घुगऱ्या. पाळण्यात टिटवी उताणी, पिवळे पाय बाहेर लोंबताहेत, डोक्याला हिरवी कुंची. बारशाला आधी वरवंटा पाळण्याखालून-वरून फिरवतात. वरवंटा आणायचा राहिला, म्हणून कबड्डीच्या पोरींनी गोळाफेकीचा गोळा टोपडं घालून फिरवला. एकीच्या हातून तो निसटला आणि टिटवीच्या पोटावर पडला. आतून राकेशचा जो आवाज आला, तो पक्ष्याचा नव्हता.

मालनबाई सहादूनं दिलेली जांभळी साडी नेसून आल्या. त्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं. चालताना कुठं बघायचं तेच त्यांना कळत नव्हतं. पाळण्याशी गेल्या, वाकल्या आणि थांबल्या.

"सहादू," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "कान कुठाय रे बाळाला?"

सगळं मैदान हसलं. सहादू ओरडला, "पक्षीले कान दिसतस का? लाल झालरच्या मागं बोल!"

बाईंनी झालर बाजूला केली. कुर्रर्र केलं. आणि कानात नाव सांगितलं. सांगताना त्यांचे डोळे मिटलेले होते.

आता ठरल्याप्रमाणं राकेशनं उठून नाव गर्जायचं आणि फलक खाली सुटायचा. राकेश उठला. पण गर्जेना. तो टिटवीच्या डोक्यातून आधी बाईंकडं बघतोय, मग दीपक सरांकडं. सर खुणा करताहेत, बोल, बोल! राकेश घरंदाज पोरगा. आत्यानं कानात सांगितलं ते नाव, हे त्याला आईच्या दुधातून ठाऊक. त्यानं पंख पसरले आणि ओरडला,

"माझं नाव ठकू!"

आणि त्याच वेळी वरून फलक सुटला: थंडर.

मालनबाईंनी फलक वाचला. अक्षर अक्षर लावून वाचला. मग पोरांच्या छातीवरचे टी-शर्ट पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला.

"म्हंजे नाव ठरलेलं होतं?" त्या वेदिकेला म्हणाल्या. "मंग मला सांगायचं ना, बाळा. मी तेच म्हणले असते." आणि मैदानाकडं हात जोडून, "चुकलं माझं. ठकू म्हणजे माझ्या आईचं नाव. तिला मुलगा नव्हता, नातवंडाला तिचं नाव ठेवणार कोण, म्हणून मी जपून ठेवलं होतं. तुमचंच राहू द्या." म्हणाल्या आणि पाळण्यापासून मागं सरल्या. जांभळ्या साडीत ती बाई इतकी लहान दिसायला लागली, की मी हातातल्या घुगऱ्या खाली ठेवल्या.

वेदिका रडकुंडीला आली. सहादू पुढं निघाला. पण त्याच्या आधी माईक उचलला दीपक सरांनी. मला वाटलं, आता हे टोपीचा सूड उगवणार.

सर खाकरले. "एक सांगायचं आहे. माझं नाव दीपक नाही."

पोरं बघायला लागली.

"म्हणजे दाखल्यावर दीपक आहे. पाळण्यातलं नाव गुंडू. आत्यानं ठेवलं. आजही घरी गेलो की आई गुंडूच म्हणते. दीपक म्हटलं तर मला वाटतं बँकेतून फोन आहे."

हशा पिकला. सर पुढं म्हणाले, "दोन नावं कुणाला नसतात? थंडर हे हिचं शाळेतलं नाव. ते टी-शर्टवर राहील. पाळण्यातलं नाव आत्यानं ठेवलंय. ते बदलायची रीत आपल्यात नाही. पाळण्यातलं नाव ठकू!"

कुलगुरू बाई उठल्या. म्हणाल्या, "माझं पाळण्यातलं नाव चिमणा. आता कुणी हसलं तर बघा." सगळे हसले. मग काय विचारता! हर्षाली ओरडली, "माझं सोनकी!" मागून कुणी "माझं बाळ्या!" कुणी "बंटी!" कुणी "पिंट्या!" धम्मपाल म्हणून रखवालदार आहे, पिळदार मिशांचा, तो फाटकातून ओरडला, "माझं छकुली! बहिणींनी हट्टानं ठेवलं!" सुरतेच्या पोरी आपापली नावं गुजरातीत ओरडायला लागल्या. सारं मैदान आपलं घरातलं नाव सांगत सुटलं, आणि टिटवी मध्ये पंख फडफडवत नाचतेय. मी माझंही ओरडलो. इथं लिहीत नाही, वेदिका वाचणार आहे.

स्पर्धेत काय झालं विचाराल, तर आमच्या पोरी उपांत्य फेरीत हरल्या, दोन गुणांनी. पण टी-शर्टवरचं नाव कुणी एकदाही घेतलं नाही. सगळे सामने "ठकू! ठकू!" याच तालावर झाले, आणि परतीच्या गाडीत सुरतेच्या पोरी तोच ताल धरून गेल्या म्हणे. मालनबाईंनाही आता मैदानावर बाई कुणी म्हणत नाही. शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांच्या त्या आत्या.

पण मला मनात राहिलंय ते त्याच दुपारचं. तो गलका ओसरल्यावर बाई पाळण्याच्या दोराला धरून उभ्या होत्या. सहादू त्यांना म्हणाला, "चल बहीण, घुगऱ्या खा." तेवढ्यात हर्षाली ओरडली, "अरे थांबा, धपाटे राहिले!" खरंच की. आत्यानं नाव ठेवलं की तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, त्याशिवाय बारसं पुरं होत नाही. मालनबाईंनी लगेच पदर खोचला, गुडघ्यांवर हात टेकले आणि पाठ पुढं केली. कबड्डीच्या पोरी रांगेनं आल्या. आता कबड्डीचे हात ते, म्हणून जपून, फुलासारख्या थापट्या मारत होत्या. बाईंनी मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहतंय, तोंडभर हसू.

"हे काय मारणं झालं व्हय गं?" त्या गरजल्या. "जोरात मारा! इतक्या वर्षांचं साठलंय माझं!"